सात शून्य पाच

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्या सोमवारी मी दोर धरूनच कचेरीत पोचलो.
जुनं यंत्र बंद करायचं होतं,
एकवीस वर्षांच्या भरती-ओहोटीच्या नोंदी
विंडोजवरून उचलून लिनक्सवर ठेवायच्या होत्या.
फायली हलतात हो, पाण्यासारख्या.
परवानग्या हलत नाहीत.

विंडोजला माणसं फार लक्षात राहतात.
एकेका फोल्डरच्या दाराशी केवढी यादी:
ह्याला वाचू द्या, तिला लिहू द्या,
उन्हाळ्यात येणाऱ्या पोरांना नुसतं डोकावू द्या,
आणि यातलं बरंचसं वरच्या फोल्डरकडून वारशानं आलेलं,
जसं नाक येतं.
नकारही येतो तसाच.
पण इथल्या इथे कुणी स्वतः होकार लिहून ठेवला असेल
तर तो वारशाच्या नकाराला हरवतो.
हे मला माझ्या बापाला सांगायचं होतं.
राहून गेलं.

लिनक्स तिघांनाच ओळखतो:
मालक, मालकाचा गट, आणि उरलेलं जग.
वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक.
बेरीज करा आणि गप्प बसा.
फोल्डरवर तो एक म्हणजे उंबरठा ओलांडायची मुभा.
नुसता एकच असेल तर आत जाता येतं,
आत काय आहे ते दिसत नाही.
नाव आधीच ठाऊक असावं लागतं,
वीज गेल्यावर आपल्याच स्वयंपाकघरात
चाचपत काड्यापेटी शोधावी तसं.

संचालिका मिर्ता वुकासोविच यांच्या टेबलावर मॅक आहे.
तो अदबीनं विचारतो,
ह्या अ‍ॅपला तुमची कागदपत्रं बघायची आहेत, बघू द्यावीत का?
बाई चष्मा न लावता हो म्हणतात.
दिवसातून सहा वेळा.

दुपारी एलिसेओ बार्रियाचा फोल्डर आला.
एलिसेओला जाऊन चार वर्षं झाली,
त्याचं खातं त्याच आठवड्यात पुसलं होतं, मीच.
मालकाच्या जागी आता नाव नाही,
एक लांबलचक आकडा,
यंत्राला कुणीतरी होतं एवढंच आठवतंय, कोण ते नाही.
आणि खाली एकच ओळ, हातानं घातलेली:
रोसाल्बा ओयार्सो. नकार. संपूर्ण.

सगळ्या कचेरीला खुलं, एका बाईला बंद.

रोसाल्बा दुसऱ्या मजल्यावर खारटपणा मोजते.
रोज चार वाजता माझ्यासाठी माते आणते,
भांडं आधी स्वतःच्या हातात धरून बघते, फार गरम नाही ना.
मला एलिसेओचा राग आला. मेलेल्या माणसाचा येतो तसा, अर्धवट.
म्हटलं, नव्या घरात ही ओळ मावतच नाही.
पुसून टाकू. कुणाला कळणार?
तरी चार वाजता मी तिला सांगितलं.

तिनं भांडं खाली ठेवलं.
म्हणाली, मीच सांगितलं होतं त्याला, दार लाव म्हणून.
ऑगस्टातल्या त्या एका रात्रीची पाण्याची उंची
मी रोज उघडून बघत होते.
दोन मीटर एकेचाळीस.
रोज तेवढीच.

बाहेर दोर वाऱ्यानं वाजत होता.

मग मी नवा गट केला, एकाच माणसाचा.
लिनक्समध्ये एक खोच आहे: तो पहिल्या ओळखीपाशीच थांबतो.
गटात सापडलात की गटाचंच लागू,
जगाला मिळालेलं तुम्हाला नाही.
मालकाला सात, जरी मालक उरलेला नसला.
जगाला पाच.
मधे शून्य.

गटाला नाव द्यावं लागतं.
मी थोडा वेळ थांबलो,
आणि तिलाच विचारलं.